होस्टची निवड : खासगी क्लाउडखालच्या यंत्रांचा इतिहास

व्हर्च्युअल मशीन म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक. तो चालतो मात्र खऱ्याखुऱ्या यंत्रावर, आणि त्या यंत्राला या क्षेत्रात होस्ट म्हणतात. होस्टवर हायपरवायझर, म्हणजे ही मशीन चालवणारे सॉफ्टवेअर, बसवले की दहा, वीस, पन्नास व्हर्च्युअल मशीन एकमेकांचा पत्ता न लागता त्यावर नांदू शकतात. असे अनेक होस्ट एकत्र बांधले, मशीन हवे तेव्हा आपोआप मिळण्याची सोय केली आणि हे सारे एकाच संस्थेसाठी राखून ठेवले की खासगी क्लाउड तयार होतो. खालचे यंत्र कोणते याची फिकीर यापुढे नको, असे आश्वासन हायपरवायझर विकणारे पहिल्यापासून देत आले. होस्ट विकत घेणाऱ्यांचा गेल्या साठ वर्षांचा अनुभव वेगळा आहे. फिकीर सुटली नाही, तिचा विषय बदलत गेला. आधी पत्त्यांचे भाषांतर, मग प्रोसेसरच्या आज्ञा, मग मेमरीचे खाचे आणि अलीकडे लायसन्सचे दरपत्रक.

पहिला होस्ट आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात निवडला गेला. १९६४ साली रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांच्या गटाने सीपी-४० या प्रणालीचे काम हाती घेतले. एका यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करायचे आणि तरीही प्रत्येकाला आपल्यापुढे सबंध सिस्टीम/३६० आहे असे वाटायचे, ही त्यामागची कल्पना. बाजारातल्या सिस्टीम/३६० मध्ये मात्र प्रोग्रॅम मागतो तो मेमरीचा पत्ता आणि मेमरीतला खरा पत्ता यांची सांगड घालणारे उपकरण नव्हते. ते बाहेरून बसवून घ्यावे लागणार होते. गटाला त्यासाठी मॉडेल ५० हवे होते, पण जादा मॉडेल ५० अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियंत्रणासाठी चालले होते. म्हणून मॉडेल ४० वर भागवावे लागले आणि प्रणालीच्या नावात ४० आला. व्हर्च्युअल मशीनच्या इतिहासातला पहिला होस्ट असा ‘जे मिळाले ते’ या तत्त्वावर ठरला. जानेवारी १९६७ मध्ये सीपी-४० प्रत्यक्ष वापरात आली. तिच्यावर १४ व्हर्च्युअल मशीन चालत, प्रत्येकाला २५६ किलोबाइट मेमरी असल्याचा भास देऊन.

पुढची सीपी-६७ ही प्रणाली मॉडेल ६७ वर आली, कारण पत्ता-भाषांतराची सोय त्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच होती. येथपर्यंत सारे सुरळीत होते. मग १९७० च्या जूनमध्ये आयबीएमने सिस्टीम/३७० मालिका जाहीर केली, तेव्हा तिच्या मॉडेल १५५ आणि १६५ मधून ही सोय गायब होती. ऑगस्ट १९७२ मध्ये कंपनीने व्हीएम/३७० ही प्रणाली आणली, सोबत ती सोय असलेली मॉडेल १५८ आणि १६८ आणली, आणि आधीच्या दोन वर्षांत १५५ किंवा १६५ घेऊन बसलेल्यांसाठी वेगळी जोडपेटी देऊ केली. या पेटीची किंमत लाखो डॉलरच्या घरात होती. प्रोसेसरमध्ये आज नसलेली सोय उद्याच्या प्रणालीला लागू शकते, हा होस्ट-निवडीतला सर्वांत जुना आणि सर्वांत महागडा धडा तेव्हाच मिळाला. पुढे तो दर दहा-बारा वर्षांनी नव्याने गिरवावा लागला.

दरम्यान या विषयाला सिद्धांताची बैठक मिळाली. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एका लेखात होस्ट होण्यासाठी प्रोसेसरने काय पाळले पाहिजे ते नेमके मांडले. यंत्राच्या मूळ स्थितीला हात लावणारी प्रत्येक आज्ञा साध्या प्रोग्रॅमने दिली, तर प्रोसेसरने ती तिथेच अडवून हायपरवायझरच्या हवाली केली पाहिजे. आयबीएमची मोठी यंत्रे हा नियम पाळत. मात्र १९८० आणि ९० च्या दशकांत जगभर पसरलेली इंटेलची एक्स८६ प्रोसेसरमाला तो पाळत नव्हती. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेंटियममधल्या सुमारे २५० आज्ञांपैकी १७ आज्ञा या कसोटीवर नापास ठरल्या.

त्यांपैकी ‘पॉपएफ’ या आज्ञेवरून अडचणीचे स्वरूप कळते. स्टॅकवरचा आकडा उचलून प्रोसेसरच्या ध्वजांमध्ये, म्हणजे फ्लॅग रजिस्टरमध्ये, टाकणे हे तिचे काम. बाहेरून येणारे व्यत्यय घ्यायचे की थांबवायचे हे ठरवणारा ध्वजही त्यातच असतो. ऑपरेटिंग सिस्टीमने ही आज्ञा दिली की तो ध्वज बदलतो. साध्या प्रोग्रॅमने दिली तर बदलत नाही, आणि चूक झाल्याची वर्दीही कोणाला जात नाही. व्हर्च्युअल मशीनमधली ऑपरेटिंग सिस्टीम साध्या प्रोग्रॅमच्या दर्जाने चालत असल्यामुळे ध्वज खाली उतरवला अशा समजुतीत ती पुढे जाते, प्रत्यक्षात तो तसाच फडकत असतो. हायपरवायझरला यातले काहीच कळत नाही. शिस्तीचा भंग उघड झाला असता तर सावरता आला असता, पण इथे भंग होतो तो मुकाट्याने, आणि खरी मेख तिथेच होती.

ती काढली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मंडळींनी. मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांचे विद्यार्थी एडवार बुन्यों व स्कॉट डिव्हाइन यांनी १९९७ मध्ये डिस्को नावाचा प्रयोग प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी डायान ग्रीन आणि एलन वांग यांच्यासह त्यांनी व्हीएमवेअर ही कंपनी काढली. व्हर्च्युअल मशीनमधल्या अडचणीच्या आज्ञा चालण्याआधीच हेरून त्यांच्या जागी सुरक्षित आज्ञा बसवायच्या, ही युक्ती वापरून १९९९ मध्ये त्यांनी टेबलावरच्या संगणकासाठी, आणि २००१ मध्ये ईएसएक्स नावाने सर्व्हरसाठी हायपरवायझर बाजारात आणला. बाजाराला त्याची गरज होतीच. ‘एक काम, एक सर्व्हर’ ही त्या काळची रीत होती, आणि सर्व्हरची ताकद सरासरी ५ ते १५ टक्केच वापरली जाते असा अंदाज सर्रास सांगितला जाई.

ईएसएक्सबरोबर होस्ट निवडणाऱ्याच्या हातात एक नवी गोष्ट आली, ती म्हणजे सुसंगत हार्डवेअरची यादी. ईएसएक्स थेट यंत्रावर बसत असल्याने डिस्क-कंट्रोलर आणि नेटवर्क कार्ड चालवणारे ड्रायव्हर त्याला स्वतःचे लागत, आणि ते मोजक्याच कार्डांसाठी लिहिलेले असत. सर्व्हर कितीही ताकदवान असो, त्यातले स्टोरेज कार्ड यादीत नसेल तर त्याचा उपयोग शून्य. खरेदीचा प्रस्ताव लिहिताना यादी आधी आणि सर्व्हर नंतर, ही शिस्त तेव्हापासून लागली.

त्या पहिल्या काही वर्षांतला गाजलेला वाद मोठ्या आणि छोट्या यंत्रांचा होता. चार, आठ किंवा सोळा प्रोसेसरचे एकच धिप्पाड यंत्र घ्यावे की दोन प्रोसेसरची चार-सहा घ्यावीत? मोठ्या यंत्राचे समर्थक कमी केबल आणि कमी देखभाल ही कारणे देत. छोट्यांच्या बाजूने साधे गणित होते. एक होस्ट बंद पडला तरी बाकीच्यांनी त्याचा भार उचलला पाहिजे असे ठरवले, तर दोन होस्ट असताना एकूण ताकदीचा निम्मा भाग राखीव ठेवावा लागतो, चार असताना चौथा हिस्सा, दहा असताना दहावा. शिवाय सोळा प्रोसेसरचे यंत्र कोसळले की एकदम कितीतरी खात्यांचे काम ठप्प होते. २००३ च्या अखेरीस व्हीमोशन आले आणि चालू व्हर्च्युअल मशीन बंद न करता एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवता येऊ लागले. त्यानंतर पारडे छोट्यांकडे झुकले ते बहुतांशी कायमचेच. दोन सॉकेटचा, म्हणजे दोन प्रोसेसर बसणारा, दोन युनिट उंचीचा सर्व्हर हा या व्यवसायाचा नेहमीचा होस्ट बनला.

त्याच सुमारास प्रोसेसर बनवणाऱ्यांनीही जुनी उणीव भरून काढली. इंटेलने नोव्हेंबर २००५ मध्ये व्हीटी-एक्स आणि एएमडीने २००६ मध्ये एएमडी-व्ही ही सोय आणली. अडचणीच्या आज्ञा आता प्रोसेसर स्वतःच अडवू लागला. इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठात जन्मलेल्या झेन या हायपरवायझरवर न बदललेली विंडोज चालवायची तर ही सोय लागेच, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० आवृत्तीत दाखल झालेला केव्हीएम हा हायपरवायझर तर तिच्यावरच उभा होता. इंटेलच्या होस्टवर ईएसएक्सखाली ६४ बिटची ऑपरेटिंग सिस्टीम चालवायलाही ती लागे. गंमत अशी, की अनेक सर्व्हरमध्ये ही सोय असूनही बायोसमध्ये बंद करून पाठवलेली असे. नव्या सर्व्हरवर ६४ बिटचे मशीन का सुरू होत नाही याचा दिवसभर शोध घ्यावा आणि शेवटी बायोसमधली एक ओळ बदलून काम फत्ते व्हावे, हा त्या काळच्या सर्व्हर-खोल्यांमधला नेहमीचा प्रकार होता.

प्रोसेसरचा प्रश्न मिटला तसा मेमरीचा पुढे आला. बहुतेक होस्ट प्रोसेसर जेमतेम निम्मा वापरात असतानाच मेमरी संपल्यामुळे भरून जात. ईएसएक्सकडे यावर तोडगा होता. अनेक मशीनमधली मेमरीची तंतोतंत सारखी पाने, म्हणजे ठरीव आकाराचे तुकडे, एकदाच साठवायची, आणि एका मशीनला न लागणारी मेमरी काढून दुसऱ्याला द्यायची. इमारतीतले सगळे नळ एकाच वेळी सुटत नाहीत हे गृहीत धरून टाकी लहान बांधावी, तसे हे होते. २००७ मध्ये एएमडीने आणि २००९ मध्ये इंटेलने सर्व्हर-प्रोसेसरमध्ये पत्त्यांच्या दुहेरी भाषांतराची सोय दिली. तिचा पुरा फायदा घ्यायचा तर ४ किलोबाइटऐवजी २ मेगाबाइटची पाने वापरावी लागत, आणि एवढी मोठी पाने एकमेकांसारखी सहसा निघत नाहीत. त्यामुळे एका सुधारणेने दुसऱ्या काटकसरीचा पाया काढून घेतला. ज्यांनी होस्टची मेमरी त्या काटकसरीच्या भरवशावर बेतली होती त्यांना पुन्हा खरेदीला निघावे लागले.

मार्च २००९ मध्ये आलेल्या इंटेलच्या झिऑन ५५०० मालिकेने ही खरेदी बारकाईची केली. प्रत्येक प्रोसेसरला मेमरीच्या तीन वाहिन्या आणि प्रत्येक वाहिनीवर तीन खाचे, म्हणजे दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये एकूण १८ खाचे. वाहिनीवर एकच पट्टी लावली तर मेमरी १३३३ मेगाहर्ट्झने चाले, दोन लावल्या तर १०६६ ने आणि तिन्ही खाचे भरले तर ८०० वर उतरे. थोड्या पण महागड्या मोठ्या पट्ट्या घ्याव्यात की पुष्कळ स्वस्त लहान, याचे उत्तर त्यामुळे नुसत्या किमतीवर ठरेना. सिस्कोने त्याच वर्षी सर्व्हरच्या धंद्यात उतरताना नेमके हेच दुखणे हेरले आणि ४८ खाचे, म्हणजे ३८४ गिगाबाइटपर्यंत मेमरी घेणारा दोन सॉकेटचा ब्लेड, म्हणजे सामायिक पेटीत (चॅसिसमध्ये) सरकवायचा सर्व्हर, बाजारात आणला.

ब्लेडचा एक धोका अभ्यासण्यासारखा आहे. एकाच चॅसिसमध्ये सोळा ब्लेड बसत, वीज आणि नेटवर्क सामायिक असे, जागा वाचे. पण ईएसएक्सच्या त्या काळच्या आपत्कालीन व्यवस्थेत क्लस्टरमधले, म्हणजे एकत्र बांधलेल्या होस्टच्या गटातले, पाचच होस्ट मुख्य मानले जात. कोणते मशीन कुठे चालू होते याची नोंद त्यांच्याकडे असे. बंद पडलेली मशीन दुसरीकडे सुरू करायला त्यांपैकी किमान एक जिवंत असावा लागे. पाचही मुख्य होस्ट योगायोगाने एकाच चॅसिसमध्ये आले आणि ते चॅसिस गेले, तर शेजारच्या रॅकमध्ये धडधाकट होस्ट असूनही एकही मशीन उठत नसे. म्हणून एका क्लस्टरचे चारपेक्षा जास्त ब्लेड एका चॅसिसमध्ये ठेवू नयेत, असा नियम जाणकारांनी रूढ केला. २०११ च्या पाचव्या आवृत्तीत ही व्यवस्था नव्याने लिहिली गेली आणि नियमाची गरज संपली.

खासगी क्लाउड हा शब्द रुळला तो याच वर्षांत. ॲमेझॉनने २००६ मध्ये झेनवर उभारलेली ईसी२ ही भाड्याची सेवा सुरू केली आणि तीच सोय आपल्या भिंतीआड हवी असे मोठ्या संस्थांना वाटू लागले. सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून खासगी क्लाउड उभारण्याचे युकॅलिप्टस हे सॉफ्टवेअर आले, आणि जुलै २०१० मध्ये नासा व रॅकस्पेस यांनी मिळून त्याच कामासाठी ओपनस्टॅक सुरू केला. भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘मेघराज’ उपक्रमाखाली फेब्रुवारी २०१४ मध्ये सरकारी खात्यांसाठी राष्ट्रीय क्लाउड खुला केला. या केंद्राच्या राष्ट्रीय डेटा सेंटरांपैकी एक पुण्यात आहे.

क्लाउडमुळे होस्ट-निवडीचे एकक बदलले. आता एक सर्व्हर निवडायचा नव्हता, सर्व्हरांचा साठा निवडायचा होता. वापरणारा ‘चार प्रोसेसर, आठ गिगाबाइट’ एवढेच मागतो, मशीन कोणत्या होस्टवर जाईल हे प्रणाली ठरवते. साठ्यातले होस्ट वेगवेगळ्या पिढ्यांचे असले की तेच मशीन आज जलद चालते आणि उद्या मंद. नव्या प्रोसेसरवर सुरू झालेले मशीन जुन्यावर हलवताही येत नाही, कारण नव्यात सापडलेल्या आज्ञा जुन्यात नसतात. व्हीएमवेअरने २००८ मध्ये सर्व होस्टना त्यांच्यातल्या सर्वांत जुन्या प्रोसेसरच्या पातळीवर आणून ठेवणारी सोय दिली, पण ती एएमडी आणि इंटेल यांच्यातली दरी बुजवत नाही. एका क्लस्टरमध्ये एकाच कंपनीचे प्रोसेसर, शक्यतो एकाच खरेदीतले, हा संकेत त्यातून पक्का झाला.

किती होस्ट लागतील हे किती जादा वाटप करायचे यावर ठरते. ओपनस्टॅकने एका खऱ्या कोअरमागे १६ आभासी प्रोसेसर आणि खऱ्या मेमरीच्या दीडपट मेमरी वाटण्याची मुभा मूळ सेटिंगमध्येच ठेवली होती. चाचणीच्या, बराच वेळ निजलेल्या मशीनसाठी हे ठीक होते. डेटाबेससाठी हे आकडे तसेच ठेवणे म्हणजे आपणहून संकट ओढवून घेणे, आणि अनेकांनी ते ओढवून घेतले.

२०१४ मध्ये व्हीएमवेअरचे व्हीसॅन हे स्टोरेज-सॉफ्टवेअर आले, त्याआधी न्यूटॅनिक्स ही कंपनी आली होती. दोन्हींनी वेगळ्या स्टोरेज-कपाटातल्या डिस्क परत होस्टच्या पोटात आणल्या. त्याबरोबर डिस्क-कंट्रोलरची रांगेची खोली, म्हणजे एका वेळी किती मागण्या रांगेत राहू शकतात, हा तोवर कोणी न विचारलेला आकडा एकाएकी महत्त्वाचा ठरला. सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका स्वस्त कार्डाची रांग अवघी २५ ची होती. एखादा होस्ट पडून त्याच्या डेटाची फेरबांधणी सुरू झाली की त्या कार्डावर नेहमीच्या कामांना जागाच उरत नसे. कार्ड यादीत होते, आणि त्याच वर्षी यादीतून काढून टाकण्यात आले. याद्याही चुकतात हे यातून कळले. असाच फटका बूट-साधनाने दिला. २००७ च्या अखेरीस आलेला ईएसएक्सआय, म्हणजे ईएसएक्सचा छोटा अवतार, फक्त ३२ मेगाबाइटचा होता, म्हणून सर्व्हरमध्ये छोटे एसडी कार्ड टाकून त्यावरून तो सुरू करण्याची पद्धत पडली. २०२० ची सातवी आवृत्ती बूट-साधनावर पुष्कळ जास्त लिहू लागली, कार्डे झिजून मरू लागली आणि हा मार्ग पुढे सोडून द्या असे कंपनीला जाहीर करावे लागले.

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर, आणि ऑगस्टमध्ये एल१टीएफ ही प्रोसेसरमधली भगदाडे उघड झाली. एल१टीएफ इंटेलपुरते होते. एका मशीनला त्याच कोअरवरच्या दुसऱ्या मशीनची माहिती त्यातून वाचता येऊ शकत होती. पूर्ण बचावासाठी एका कोअरवर एकाच वेळी दोन कामे चालवणारे हायपरथ्रेडिंग बंद ठेवावे किंवा एका कोअरवर दोन वेगळी मशीन बसू देऊ नयेत, असे दोनच उपाय होते आणि दोन्हींत होस्टची क्षमता घटे. एएमडीच्या इपिक या सर्व्हर-प्रोसेसरला, जो २०१७ मध्ये ३२ कोअर आणि मेमरीच्या आठ वाहिन्या घेऊन आला होता, याचा आयताच लाभ झाला.

तरीही होस्टचा आकार ठरवण्यात लायसन्सच्या दरपत्रकाचा हात अभियांत्रिकीपेक्षा कमी नाही. जुलै २०११ मध्ये व्हीएमवेअरने चालू मशीनना वाटलेल्या मेमरीवर लायसन्सची मर्यादा घातली. सर्वांत वरच्या लायसन्समागे ४८ गिगाबाइट ठरले. म्हणजे ३८४ गिगाबाइट पूर्ण वाटणाऱ्या दोन सॉकेटच्या होस्टला दोनऐवजी आठ लायसन्स. ज्यांनी कंपनीच्याच सल्ल्याने मेमरी भरभरून घेतली होती ते खवळले. काही आठवड्यांत मर्यादा ९६ वर नेण्यात आली आणि वर्षभरात नियमच मागे घेतला गेला. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०१६ पासून सॉकेटऐवजी कोअर मोजायला सुरुवात केली, सर्व्हरमागे किमान १६. व्हीएमवेअरने २०२० मध्ये ठरवले की ३२ पेक्षा जास्त कोअरच्या प्रोसेसरला दुसरे लायसन्स लागेल. इपिकचा ६४ कोअरचा प्रोसेसर बाजारात येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली. आता वर्गणी कोअरमागे आहे आणि प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरले जातात, त्यामुळे आठ कोअरच्या प्रोसेसरलाही १६ चे पैसे पडतात. या भुर्दंडामुळे अनेक संस्था केव्हीएमवर आधारलेल्या प्रणालींकडे वळू लागल्या आहेत. त्यांचे बहुतेक जुने होस्ट तिथे चालतात, कारण गेल्या दीड दशकातल्या जवळपास प्रत्येक एक्स८६ सर्व्हर-प्रोसेसरमध्ये केव्हीएमला लागणारी सोय आहे. ती बायोसमध्ये चालू आहे ना, एवढे मात्र आधी पाहून घ्यावे.